सुताराच्या पेटीत सरस का नाही?

विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळातला सरस. 'एकापेक्षा एक सरस' मधला नव्हे. जनावरांची कातडी, हाडं शिजवून काढतात तो, सुताराचा सरस.

2014 च्या 'प्लेयर्स हँडबुक'मधली सामानाची यादी मला त्या पुस्तकातला सगळ्यात वाचनीय भाग वाटते. दहा फुटी काठी तांब्याच्या 5 नाण्यांना, साबण 2 नाण्यांना. पत्राला मोहोर करायची लाखसुद्धा आहे. सरस नाही. 2017 च्या 'झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग'मध्ये सुताराची पेटी उघडून दाखवलीय: करवत, हातोडा, खिळे, रंधा, पटाशी. तिथेही नाही! टिंकरच्या, म्हणजे मोडकंतोडकं दुरुस्त करणाऱ्याच्या सामानात चिकट द्रव्याचं एक छोटं भांडं सापडतं. ते कशापासून केलंय, याबद्दल अक्षर नाही.

आणि तिथून उडी थेट सॉव्हरिन ग्लूवर. लेजंडरी दर्जाची जादूची वस्तू. एका औंसात एक चौरस फूट जागा, एका मिनिटात पक्कं. सोडवायला युनिव्हर्सल सॉल्व्हंट हवं, ऑइल ऑफ इथरियलनेस हवं, नाहीतर विश मंत्र. बाटलीलाच चिकटू नये म्हणून तिला आतून निसरड्या जादुई तेलाचा लेप, ही गंमत मला मनापासून आवडते. पण वस्तू म्हणून ती गरीब आहे. लावली की विषय संपला.

खऱ्या सरसाचं उलट. कातडं चुन्यात ठेवा, धुवा, मंद आचेवर शिजवा, गाळा, थिजवा, वाळवा. वापरताना पुन्हा भिजवायचा आणि साधारण 60 अंशांवर ठेवायचा. उकळलात तर जोर गेला. आणि ऊब-ओल मिळाली की सांधा सुटतो. हा दोष वाटेल, पण व्हायोलिन बनवणारे याच गुणासाठी तो आजही वापरतात. वरची फळी न फोडता उघडता येते, म्हणून तर स्ट्रॅडिव्हरीची वाद्यं आतून दुरुस्त होत आज वाजतायत. शिंग, लाकूड आणि स्नायुतंतू सरसाने जोडलेली तुर्की धनुष्यं घ्या. ओल हा त्यांचा शत्रू.

आता हे टेबलावर आणा. तिरंदाजाचं धनुष्य असं असेल, तर नदी पोहून जायची की पूल शोधायचा, याचा खल अर्धा तास चालेल. गुप्त दाराची फळी सरसाने बसवलेली असेल, तर चोराला मंत्र नको, किटलीभर वाफ पुरे. सॉव्हरिन ग्लू हे देऊ शकत नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं: "सर, आम्ही ड्रॅगन मारायला बसतो, हिशेब लिहायला नाही." मान्य. पण हिशेब या खेळात आहेच. बाण मोजता, मशाली मोजता. न मोजलेलं एकच राहतं, मेलेलं जनावर. एका संध्याकाळी पाच-सहा प्राणी मारले जातात, नाणी उचलली जातात आणि धडं जणू फरशीत विरून जातात. सरस यादीत आला की ते धड पुन्हा खोलीत येतं, वासासकट. मला वाटतं, यादी करणाऱ्यांना तो वास नको होता. साबणातली चरबी कुणाला आठवत नाही, म्हणून साबण चालला.

मिमिक आठवा: पेटीचं रूप घेऊन बसणारा, हात लावाल तर चिकटवून घेणारा राक्षस. या खेळातला सगळ्यात प्रसिद्ध चिकट पदार्थ जनावराचाच आहे, फक्त तो जिवंत आहे आणि तोच आपल्याला पकडतो.

तुमच्यात जे डीएम आहेत, त्यांनी एकदा करून बघा. पुढच्या वेळी आउलबेअर पडला आणि कुणी विचारलं, "याच्या कातड्याचं काय?" तर "काही नाही" म्हणू नका. चुना कुठे मिळेल ते सांगा, किती दिवस एका जागी तळ ठोकावा लागेल ते सांगा. आणि कढईचा वास जंगलात कुठवर जातो, ते आधीच ठरवून ठेवा.