वहीतला चुना, बागेतला चुना

संतुलित समीकरणावरून अभिक्रियाकारकांचे वस्तुमान काढण्याची पाठ्यपुस्तकी गणिते द्रव्ये शुद्धच आहेत असे सहसा गृहीत धरतात. हे आम्हांला खटकते. सांगोल्याच्या डाळिंबबागांत फवारतात ते एक टक्का बोर्डो मिश्रण पाहा: १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना. मोरचुदाचा रेणुभार स्फटिकजलासह २४९.५, चुन्याचा ५६. प्रमाण एकास एक. म्हणजे २२४ ग्रॅम चुना पुरावा! मग बाकीचा कशाला? साठवणीतला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून निकामी होत जातो, आणि विरघळलेले तांबे उरले तर पाने करपतात. म्हणून मिश्रणात लोखंडी सुरी बुडवतात. तांबूस थर चढला तर आणखी चुना घालतात. शिक्षकांनी गणितानंतर 'जादा का?' एवढे विचारावे. नाहीतर मुले त्रैराशिक शिकतील, रसायनशास्त्र नव्हे.