हेक्टरसाठी कोण रडतं?

दरवर्षी १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीला, अकोटात चौकाचौकांत पोवाडा ऐकू येतो. बहुतेक ठिकाणी तो रेकॉर्डवरचा असतो. कुठं मंडळानं शाहीर आणला असेल तर डफ कडाडतो, तुणतुणं लागतं, झीलकरी ‘जी जी जी’ ओढतात आणि पोरं शिट्ट्या मारतात. नव्या पिढीतले काही गळे खरोखर दमदार आहेत. शब्द स्वच्छ, श्वास लांब, लय पक्की. तरी ऐकताना एक गोष्ट सारखी सलते. या पोवाड्यातला शत्रू माणूस नसतो. तो मरण्यासाठीच येतो, मरतो आणि विसरला जातो. त्याला आई नाही, बायको नाही, घर नाही. असला शत्रू मारून नायकही मोठा होत नाही, ही माझी तक्रार आहे, आणि ती मी होमर वाचूनच मांडतो आहे.

‘इलियड’ म्हणजे ट्रॉयच्या दहा वर्षांच्या वेढ्याची गोष्ट, असं आपण ऐकून असतो. प्रत्यक्षात चोवीस सर्गांच्या आणि साडेपंधरा हजारांवर ओळींच्या या काव्यात लाकडी घोडा नाही, ट्रॉय पडतही नाही. ग्रीक योद्धा अकिलीसच्या रागानं ते सुरू होतं आणि त्यानं मारलेल्या ट्रॉयच्या हेक्टरच्या अंत्यविधीवर थांबतं. गाणारा ग्रीक, ऐकणारे ग्रीक, आणि शेवटचा विलाप मात्र शत्रूच्या शहरातला. सहाव्या सर्गात हेक्टर रणातून घडीभर घरी येतो. बायको अँड्रोमाकी विनवते, तान्हं पोर दाईच्या कडेवर. बापाच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा हलताना पाहून पोर घाबरून रडायला लागतं. आईबाप हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग पोराला घेतो. हा माणूस परत येणार नाही, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. चोविसाव्या सर्गात हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या तळावर जातो, ज्या हातांनी आपली मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो आणि हेक्टरचा देह मागतो. अकिलीसला स्वतःचा दूरदेशी राहिलेला बाप आठवतो. दोघं मिळून रडतात, आणि देह परत देऊन अकिलीस अंत्यविधीसाठी अकरा दिवस लढाई थांबवतो.

हे आपल्याकडं नव्हतं असं कुणी म्हणू नये. श्रीधरांचा ‘रामविजय’ १७०३ चा. श्रावणात पोथी लावायची म्हटली की वऱ्हाडातल्या देवळांत तो पिढ्यान् पिढ्या वाचला गेला. त्यात मेघनादाची बायको सुलोचना येते. वाल्मीकींकडं हे आख्यान नाही, आपल्या पोथ्यांनी आणि कीर्तनकारांनी ते जपलं. लढाईत तुटलेला नवऱ्याचा हात अंगणात येऊन पडतो आणि घडलेलं लिहून सांगतो. सुलोचना सती जायचं ठरवते, पण शिर रामाच्या छावणीत आहे. ती सून आहे रावणाची. तरी ती थेट वैऱ्याच्या गोटात जाते आणि नवऱ्याचं शिर मागते. वानरांना तिच्या सतीत्वाची खूण हवी असते, आणि ते तुटलेलं शिर हसतं. राम तिला शिर देतो. प्रायमचं मागणं आणि सुलोचनेचं मागणं एकच आहे. हे आख्यान रंगवणारा कीर्तनकार सुलोचना छावणीच्या तोंडाशी पोचली की झांजा थांबवून आवाज खाली आणायचा. समोर सगळे रामाचे भक्त बसलेले, आणि डोळे पुसायचे ते रावणाच्या सुनेसाठी.

आज हे आख्यान अकोट-तेल्हारा भागात क्वचितच पूर्ण ऐकायला मिळतं. भागवत सप्ताहांचे मांडव वाढले, ‘गजानन विजय’चं पारायण घरोघर पोचलं. अकोटच्या नरसिंग महाराजांची आणि गजानन महाराजांची भेट त्याच ग्रंथात असल्यामुळं इथं त्याला आपलेपणही आहे. त्याबद्दल आनंदच आहे. पण नारदीय कीर्तनाचा उत्तररंग, जिथं एकच कथा तास-दोन तास पिळून मांडायची, तो मागं पडला. संतचरित्रात चमत्कार असतो, बोध असतो. हरलेल्या बाजूचं दुःख तिथं असायचं कारण नाही.

अकोटच्या डोक्यावरच मेळघाट सुरू होतो आणि तिथं मेघनाद हा पडलेला शत्रू नाहीच. होळीनंतर कोरकूंची मेघनाथाची जत्रा भरते. उंच खांब उभारतात, नवस फेडतात, फगव्याची गाणी रात्रभर चालतात. कोरकूंची एक उत्पत्तिकथा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली छापली. तीत रावणालाच विंध्य-सातपुड्याच्या ओस डोंगररांगा दिसतात आणि तो महादेवाला तिथं माणसं घडवायला सांगतो. महादेव लाल मातीच्या मूर्ती करतो. इंद्राचे घोडे त्या तुडवून टाकतात, म्हणून आधी राखणीला कुत्रा घडवावा लागतो आणि मग मूला-मुलाई ही पहिली जोडी उभी राहते. अकोला जिल्ह्यातच सांगोळ्याला रावणाची दगडी मूर्ती पुजली जाते. डोंगरापलीकडं चिखलदऱ्याला भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं असं सांगतात. म्हणजे महाकाव्याच्या दोन्ही बाजू या मुलखात नांदतात. आमच्या शाहिरांनी मात्र त्यातली एकच उचलली आहे.

कारण काय? रोजी हे मला पहिलं कारण वाटतं. मिलमन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी १९३३ ते १९३५ मध्ये युगोस्लाव्हियात गावोगावच्या गायकांची गाणी नोंदवली. त्यात अव्दो मेजेदोविच नावाच्या निरक्षर खाटकानं बारा हजारांवर ओळींचं एक गाणं सांगितलं. तो पाठ म्हणत नव्हता. ठरलेली विशेषणं आणि ठरलेले प्रसंग हाताशी धरून गाता गाता रचत होता. होमरचा अकिलीस बसलेला असला तरी ‘शीघ्रगती’ असतो, तो त्यामुळंच. आपल्या शाहिराचंही तेच तंत्र. झीलकरी ओळ उचलतात तेवढ्यात पुढची ओळ जुळते. पण यासाठी रात्र लागते, आणि रात्रभर बसणारा श्रोता लागतो. आज शाहिराला वीस मिनिटं मिळतात, मध्ये सत्कार. उरलेल्या वर्षात व्यसनमुक्ती, स्वच्छता, एखादी शासकीय योजना यांवर कलापथक न्यायचं, कारण त्याचेच पैसे येतात. वीस मिनिटांत जयजयकार बसतो, अँड्रोमाकी बसत नाही. छापील पुस्तकातला पाठ पक्का झाला की गाता गाता रचणं सुटतं, हे लॉर्डनं तिथंच पाहिलं होतं. आपल्याकडं पुस्तकाची जागा मोबाइलनं घेतली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तोच पोवाडा त्याच चालीत ऐकू येऊ लागला.

आश्रय गेला, हे दुसरं आणि जुनं कारण. अकोटपासून जवळच अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून निजामाकडं गेलं. पोवाडा गायला दरबार लागतो असं नाही, पण बिदागी देणारं कुणीतरी लागतं. हरलेल्या किल्ल्याचं गाणं निजामाच्या राज्यात कोण मागणार? मी ज्या ज्या वऱ्हाडी शाहिरांना ऐकलं त्यांच्या तोंडी गाविलगड आला नाही. पराभव गायचा नाही अशी आपली रीत मात्र नव्हती. पानिपतावर पोवाडे झाले, पेशवाई बुडाल्याचं दुःख प्रभाकरानं गायलं.

परक्या वेढ्याचाही पोवाडा होतो, हे अण्णा भाऊ साठ्यांनी दाखवून दिलं. कधी न पाहिलेलं स्टालिनग्राड त्यांनी डफावर आणलं आणि मुंबईच्या गिरणगावानं ते आपलं मानलं. म्हणून ट्रॉयचा पोवाडा अकोटात अशक्य आहे असं मला वाटत नाही. पण त्याआधी गाविलगडाचा व्हावा. सामग्री इंग्रजी वृत्तांतांतच पडून आहे. उत्तरेच्या अंगानं डोंगरावर चढवलेल्या तोफा, बाहेरच्या तटाला पडलेलं खिंडार, आतल्या तटाला शिड्या लावून चढलेली कॅम्पबेलची तुकडी, दारापाशी आपल्या राजपुतांसह पडलेला किल्लेदार बेनीसिंग, आणि त्याच्या घरच्या बायकांसाठी ठरलेलं मरण, ज्यातून बहुतेकजणी वाचल्या.

‘ओडिसी’च्या आठव्या सर्गात आंधळा गायक डेमोडोकस ट्रॉय पडल्याचं गातो. ऐकणाऱ्यांत ते शहर पाडणारा ओडिसियस बसलेला आहे, आणि तो रडतो. होमर सांगतो, तो रडला ते शहरासाठी लढता लढता पडलेल्या नवऱ्याच्या अंगावर कोसळून रडणाऱ्या बाईसारखा, जिला मागून भाले टोचत गुलामीत नेलं जात आहे. गाविलगडाचा पोवाडा लिहायला बसणाऱ्या शाहिरानं हा सर्ग आधी वाचावा, आणि त्याच आठवड्यात ‘रामविजया’तली सुलोचना एखाद्या जुन्या कीर्तनकाराकडून पूर्ण ऐकून घ्यावी. असे कीर्तनकार थोडे उरले आहेत आणि वयानं थकले आहेत. त्यांना मानधन मिळो न मिळो, त्यांच्यासमोर बसायला पुढच्या श्रावणाची वाट पाहू नये.