परकीय सण आणि देशीपणाची कसोटी

दरवर्षी १४ फेब्रुवारीस नागपुरातील तरुण-तरुणी परस्परांस गुलाब देतात, आणि त्याच सुमारास ‘हा सण आपला नव्हे’ हा आक्षेपही नव्याने मांडला जातो. या आक्षेपामागील कसोटी तपासून पाहणे अगत्याचे आहे.

सण देशी ठरतो तो कशाने? प्राचीनत्वाने म्हणावे, तर नागपूरची काळी मारबत १८८१ मध्ये व पिवळी १८८५ मध्ये निघू लागली. दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा उगम तर १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरात आहे. या सोहळ्यांना कोणी उपरे म्हणत नाही. उगमस्थानाने म्हणावे, तर वाढदिवसाचा केक व त्यावरील मेणबत्त्या घरोघरी निर्वेधपणे शिरल्या आहेत.

समर्थकांचे उत्तरही तितकेच लंगडे आहे. ते प्राचीन वसंतोत्सवाचा दाखला देतात. कालिदासाचे ‘मालविकाग्निमित्र’ वसंतोत्सवप्रसंगी सादर होत असल्याचे त्याच्या प्रस्तावनेतच सांगितले आहे, आणि त्याची नायिका विदर्भाची राजकन्या आहे. तथापि मालविका राणी धारिणीच्या परिवारात अज्ञातपणे राहते व अखेरीस राणीच तिला राजाच्या हाती सोपविते. अंतःपुरातील हा अनुग्रह आणि दोन समान व्यक्तींची परस्परनिवड या गोष्टी एक नव्हेत.

वस्तुतः आक्षेपाचे मर्म परकीयत्वात नसून या निवडीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये, प्रत्यक्षात होऊ न शकलेल्या आपल्या लाहोरच्या भाषणात, आंतरजातीय विवाह हा जातिनाशाचा खरा उपाय मानला होता. केकने विवाहाची जुनी चौकट हलत नाही. गुलाबाने ती हलू शकते.

म्हणून गुलाब देणाऱ्यांचीही परीक्षा झाली पाहिजे. ७ फेब्रुवारीपासूनचा दिवसवार ठरलेला क्रम बाजाराला सोयीचा आहे. तो निमूटपणे पाळण्यात स्वातंत्र्य थोडेच. मारबतीच्या मिरवणुकीतील बडगे दरवर्षी नव्या सामाजिक दोषांवर बोट ठेवतात, म्हणजे तेथे लोक सणात स्वतःचे काही घालतात. १४ फेब्रुवारीत येथील तरुणांनी स्वतःचे काय घातले, हा अभ्यासकांपुढील खरा प्रश्न होय. केलेली निवड त्या तारखेपुरतीच उरते, की घरच्यांसमोर आणि जातीसमोरही टिकते, यावरूनच हा सण येथे रुजला किंवा कसे हे ठरेल.