थोरल्या भावाचा रुसवा

लूकच्या शुभवर्तमानात, १५व्या अध्यायात, येशूने सांगितलेली उधळ्या मुलाची गोष्ट आहे. मिशनच्या शाळेत शिकलेल्या मैत्रिणींना ती ठाऊक असेल. धाकटा मुलगा बापाच्या हयातीतच वाटणी मागतो, परदेशी जाऊन सगळं उधळतो. पुढे दुष्काळात डुकरं राखायची पाळी येते, तेव्हा घराकडे वळतो. बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत जाऊन पोटाशी धरतो. सांगणारे बहुधा इथेच थांबतात. मला तर खरी गोष्ट पुढेच वाटते.

थोरला शेतातून येतो. घरातलं गाणं-बजावणं ऐकून दाराबाहेरच अडून बसतो. इतकी वर्षं राबलो, शब्द मोडला नाही, पण मला कधी एक करडूही दिलं नाहीत, असं बापाला सुनावतो. खरं सांगा, आपण बायका कुणाची बाजू घेऊ? सासूच्या दुखण्यात रात्री जागते थोरली, आणि चार दिवस येऊन कौतुक घेऊन जाते धाकटी. हे आपल्या घरांत नवं आहे का? मीही आधी थोरल्याचीच कड घेतली होती.

पुन्हा वाचलं तेव्हा आपल्या तीन शल्यांतलं ‘निदान’ आठवलं. व्रत करायचं आणि फळावर डोळा ठेवायचा, ते निदान. थोरल्याने पाप केलं नाही, पण पुण्याचा हिशेब लिहून ठेवला. येशूसमोर अशीच माणसं होती. हा पापी लोकांच्या पंक्तीला बसतो, म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुरत होते. त्यांच्यासाठी ही गोष्ट आहे.

दोन गोष्टी मला खटकतात. मुलगा परतल्याच्या आनंदात पुष्ट वासरू कापतात, तिथे माझं जैन मन पुढे जात नाही. त्या जिवाची क्षमा कोण मागणार? आणि या घरात आई कुठे आहे?

मात्र इथे कर्म फुकट माफ झालं, असं मी म्हणणार नाही. बाप थोरल्याला सांगतो, माझं आहे ते सगळं तुझंच. म्हणजे धाकट्याने उधळलेलं गेलं ते गेलंच, त्याला घर तेवढं परत मिळालं.

थोरला शेवटी आत गेला का, ते येशू सांगत नाही. दशलक्षण पर्वानंतर क्षमावणीला आपण घरोघर जातो. गेल्या वर्षी मी एक घर टाळलं होतं. चूक त्यांची होती, हे आजही म्हणेन. तरी यंदा आधी तिथेच जायचं ठरवलंय.