'हेमाडपंती' संज्ञेची चिकित्सा : बीड जिल्ह्यातील मध्ययुगीन मंदिरांच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठवाड्यातील कोणत्याही खेड्यात काळ्या दगडाचे जुने मंदिर आढळले की त्याची ओळख करून देणारा शब्द ठरलेला असतो. तो म्हणजे 'हेमाडपंती'. गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावी एखाद्या प्राचीन देवालयाविषयी विचारणा केली असता हेच उत्तर मिळते. गावच्या यात्रेच्या पत्रिकेत, शालेय सहलीच्या माहितीपत्रकात आणि पुष्कळदा संशोधनपर लेखनातही हाच शब्द निःशंकपणे वापरला जातो. शब्द उच्चारला की मंदिराचा काळ, कर्ता आणि शैली या तिन्ही प्रश्नांचा निकाल लागला, असा समज होतो. वस्तुतः या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर त्यातून मिळत नाही. प्रस्तुत लेखात या संज्ञेची ऐतिहासिक व स्थापत्यशास्त्रीय तपासणी बीड जिल्ह्यातील काही मंदिरांच्या आधारे केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) 'हेमाडपंती' या संज्ञेमागील ऐतिहासिक आधार तपासणे.
२) जिल्ह्यातील शिलालेखीय पुराव्याशी ती संज्ञा पडताळून पाहणे.
३) संज्ञेच्या सरसकट वापराचे इतिहासलेखनावर व मंदिरांच्या जतनावर होणारे परिणाम स्पष्ट करणे.

हेमाद्री आणि लोकपरंपरा

हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत ही ऐतिहासिक व्यक्ती आहे. देवगिरीच्या महादेव यादवाच्या (इ.स. १२६१ ते १२७१) आणि त्यानंतर रामचंद्रदेवाच्या (इ.स. १२७१ ते १३११) कारकिर्दीत तो 'श्रीकरणाधिप' या उच्चपदावर होता. रामचंद्रदेवाच्या शके ११९४ (इ.स. १२७२) च्या ठाणे ताम्रपटात त्याचा उल्लेख आहे. 'चतुर्वर्गचिंतामणि' हा त्याचा ग्रंथ व्रत, दान, तीर्थ, मोक्ष अशा विषयांची मांडणी करणारा धर्मशास्त्राचा प्रचंड संग्रह आहे. मंदिरबांधणीचे शास्त्र सांगणारे ग्रंथ वेगळे आहेत. भोज परमाराच्या नावे प्रसिद्ध असलेला अकराव्या शतकातील 'समरांगणसूत्रधार' आणि बाराव्या शतकातील 'अपराजितपृच्छा' हे त्यांपैकी महत्त्वाचे होत.

लोकपरंपरेने मात्र या मंत्र्याकडे अनेक गोष्टींचे कर्तृत्व दिले. मोडी लिपी त्याने लंकेहून आणली, बाजरीचे पीक त्याने रूढ केले, आणि चुन्याशिवाय दगडी मंदिरे बांधण्याची रीतही त्याचीच, असे सांगितले जाते. या कथांचे सांस्कृतिक मूल्य नाकारण्याचे कारण नाही. यादवसत्ता लयाला गेल्यानंतर त्या वैभवाची आठवण समाजाने एका कर्तबगार नावाभोवती गुंफून ठेवली, असा त्यांचा अर्थ लावता येतो. परंतु स्मृती जपणे आणि काळ निश्चित करणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. एका शब्दाकडून दोन्ही करून घेण्याच्या प्रयत्नातून प्रस्तुत घोटाळा निर्माण झाला आहे.

शिलालेखांची साक्ष

संज्ञेची खरी कसोटी कालनिर्देश असलेल्या लेखांवर लागते. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ (इ.स. १०६०) चा, शिलाहार राजवटीतील आहे. दगडावर दगड बसवून उभारलेले हे मंदिर हेमाद्रीच्या मंत्रिपदापूर्वी सुमारे दोनशे वर्षे पूर्ण झाले होते. 'हेमाडपंती' म्हणून दाखविली जाणारी सर्व प्रमुख लक्षणे तेथे आढळतात. यावरून बांधणीची ही पद्धती हेमाद्रीने सुरू केली हे विधान टिकत नाही.

बीड जिल्ह्यातील पुरावाही याच दिशेने जातो. अंबाजोगाई येथील सकलेश्वर मंदिर लोकांत 'बाराखांबी' या नावाने परिचित आहे. ते इ.स. १२२८ चे, म्हणजे सिंघण यादवाच्या काळातील आहे. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे आंबे, म्हणजे आजचे अंबाजोगाई, हे महत्त्वाचे ठाणे होते. या परिसरातील यादवकालीन लेख ग. ह. खरे यांनी प्रकाशात आणले. महादेव यादव गादीवर येण्यापूर्वी ३३ वर्षे हे मंदिर उभे होते. २०२४ च्या जानेवारीत राज्य पुरातत्त्व विभागाने या मंदिराच्या आवारात उत्खनन सुरू केले, तेव्हा आणखी दोन मंदिरांचे पाये आढळून आले. आज दिसणारी वास्तू एका मोठ्या मंदिरसमूहाचा अवशेष असावी, असे यावरून अनुमान करता येते.

अंबाजोगाईच्या खोलेश्वर मंदिरातील शके ११६२ (इ.स. १२४०) चा लेख या चर्चेत विशेष महत्त्वाचा ठरतो. खोलेश्वराचा पुत्र राम गुजरातच्या मोहिमेत कामी आला. त्याच्या स्मरणार्थ त्याची बहीण लक्ष्मी हिने रामनारायणाचे मंदिर उभारले, असा या लेखाचा आशय आहे. मराठवाड्याच्या मध्ययुगीन इतिहासात मंदिर बांधविणारी स्त्री तिच्या नावानिशी, नात्यानिशी आणि हेतूनिशी उपलब्ध होण्याचे प्रसंग थोडे आहेत. अशा वास्तूलाही जेव्हा 'हेमाडपंती' म्हटले जाते, तेव्हा केवळ वीस-पंचवीस वर्षांची कालगणना चुकत नाही. रणात पडलेल्या भावासाठी बहिणीने उभारलेले स्मारक तिच्याकडून काढून घेऊन, पुढच्या पिढीतील एका मंत्र्याच्या नावावर चढविले जाते. संज्ञेच्या सैल वापराने होणारे नुकसान नेमके कोणते, याचे याहून बोलके उदाहरण जिल्ह्यात नाही.

स्थापत्यदृष्ट्या संज्ञेची अपुरी व्याप्ती

'चुना न वापरता बांधलेले ते हेमाडपंती' ही प्रचलित व्याख्या स्थापत्याच्या निकषावरही अपुरी पडते. दख्खनचा काळा बेसॉल्ट कठीण व वजनदार आहे. घडवलेले दगड खाचा व खुंट्यांच्या साहाय्याने एकमेकांत बसवून, त्यांच्या भारानेच भिंत स्थिर ठेवणे ही या दगडाला अनुरूप रीत होती. दगडी तुळई फार लांब अंतर पेलू शकत नाही, म्हणून मंडपात स्तंभ जवळजवळ येतात. छत झाकण्यासाठी चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरपे दगड ठेवून वरचा चौकोन क्रमाक्रमाने लहान करीत नेला जातो. ही वैशिष्ट्ये साहित्य आणि तंत्र यांतून आलेली आहेत. कल्याणीचे चालुक्य, शिलाहार, यादव अशा अनेक राजवटींत ती समान आहेत. तंत्र समान असल्यामुळे शैली एकच, असा निष्कर्ष निघत नाही.

शैली ठरते ती विधान, अधिष्ठान, जंघा आणि शिखर यांच्या एकत्रित विचाराने. बीड शहरातील कंकालेश्वर मंदिर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जलाशयाच्या मध्यभागी उभे असलेले हे मंदिर तीन गर्भगृहांचे असून त्याचे विधान तारकाकृती आहे. भिंतीला पडणाऱ्या कोनांमुळे दिवसभर प्रकाश आणि छाया सरकत राहतात व मूर्तींना उठाव येतो. तीन गर्भगृहांनी एकाच मंडपाचा आश्रय घ्यावा ही योजना उपासनेच्या विशिष्ट कल्पनेशी निगडित आहे, तर पाण्यातील स्थान हे जलव्यवस्थापनाच्या जाणकारीशी. त्याउलट सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर पंचायतन आहे. त्याचे शिखर भूमिज पद्धतीचे, म्हणजे मधल्या पट्ट्यांच्या दरम्यान लहान शिखरांच्या ओळी रचत नेलेले आहे. या पद्धतीचे नाते माळव्यातील परमारांच्या मंदिरांशी पोहोचते. कंकालेश्वर आणि गोंदेश्वर यांना एकाच शब्दात बसविल्यास दोन्हींतील पाहण्याजोगे सर्व काही दृष्टीआड होते.

हेन्री कझेन्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या शीर्षकात या मंदिरांना 'दख्खनची मध्ययुगीन मंदिरे' असे म्हटले. मराठवाड्यातील मंदिरांचा सखोल अभ्यास गो. बं. देगलूरकर यांनी केला. तरीही जिल्हा पातळीवरील लेखनात जुनी संज्ञा टिकून राहिली. त्यामागे एक प्रशासकीय कारणही संभवते. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता व तेथील पुरातत्त्व खाते १९१४ पासून स्वतंत्रपणे कार्य करीत होते. मुंबई इलाख्यातील मराठी वाचकाला उपलब्ध असलेली साधने या भागातील अभ्यासकाच्या हाती उशिरा आली. त्या पोकळीत तोंडी परंपरेने जागा घेतली.

तौलनिक दृष्टी : इंग्लंडमधील ग्रामचर्च

मध्ययुगीन ग्रामीण देवालयांचा विचार अन्यत्र कसा झाला हे पाहणे येथे उपयुक्त ठरेल. इंग्लंडमध्ये प्रत्येक पॅरिशला, म्हणजे धार्मिक कारभाराच्या गावगटाला, स्वतःचे चर्च असे. वेदीकडील भागाची डागडुजी पॅरिशच्या मुख्य धर्माधिकाऱ्याकडे आणि जनसमुदायाच्या दालनाची जबाबदारी रहिवाशांकडे, अशी रूढ वाटणी होती. त्यामुळे एकाच इमारतीत वेगवेगळ्या शतकांचे काम साचत गेले. थॉमस रिकमन यांनी १८१७ मध्ये या वास्तूंचे नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर असे वर्गीकरण मांडले. खिडकीचा आकार, कमानीची उंची, दगडी जाळीची घडण या प्रत्यक्ष दिसणाऱ्या लक्षणांवर त्याची उभारणी होती. पुढे निकोलस पेव्हस्नर यांनी १९५१ ते १९७४ या काळात ४६ खंडांत इंग्लंडमधील वास्तूंची परगणावार नोंद केली. त्यामुळे तेथील सामान्य खेडूतही आपल्या चर्चचा मनोरा कोणत्या शतकातील आणि दालन कोणत्या, हे वाचून जाणून घेऊ शकतो.

या तुलनेचा हेतू इंग्रजी संज्ञा येथे आयात करणे हा नाही. आपल्याकडील मंदिरेही अशीच थरांची बनलेली आहेत, हे तिच्यातून लक्षात येते. यादवकालीन दगडी भिंतींवर मराठेशाहीतील विटा-चुन्याचे शिखर आणि त्यापुढे विसाव्या शतकातील सिमेंटचा सभामंडप, ही रचना मराठवाड्यात परिचयाची आहे. परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकर यांनी केला. काही परिचयपर लेखनात त्यासाठी इ.स. १७०६ हे वर्ष दिले जाते. मात्र अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा आहे. मूळ आकडा शकाचा असून तो पुढे इसवी सन म्हणून छापला गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तसे असल्यास ते वर्ष इ.स. १७८४ येते. 'हेमाडपंती' या शब्दाप्रमाणेच एक आकडाही न तपासता पुढे जात राहतो, हे यावरून दिसते.

जतनाचा प्रश्न

संज्ञेचा प्रश्न केवळ विद्वानांच्या वादाचा राहत नाही, कारण जीर्णोद्धाराचे निर्णय तिच्या आधारे होतात. मंदिर 'हेमाडपंती' म्हणजे सर्वत्र सारखे, असे एकदा गृहीत धरले की त्यातील कोणता दगड मोलाचा हा प्रश्नच उद्भवत नाही. स्तंभांवर तैलरंग चढतो, शिलालेखावर चुन्याचे हात बसतात, जुने तळखडे फरशीखाली जातात. हे काम गावकरी भक्तीने, लोकवर्गणी जमवून करतात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल. मंदिर नांदते आहे म्हणूनच ते आठशे वर्षे टिकले, हेही विसरता येत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चर्च 'मूळ रूपात' आणण्याच्या उत्साहात असेच नुकसान झाले. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली. खरवडून नवे करण्यापेक्षा नित्य डागडुजी करावी, हा तिचा आग्रह होता. सिमेंट आणि तैलरंग यांना पर्याय शोधणाऱ्या आपल्या गावांनाही हा विचार मार्गदर्शक ठरू शकतो.

उमापूर व परिसरातील गावांच्या बाबतीत या विवेचनाचा उपयोग स्पष्ट आहे. उमापूर हे ग्रामनाम 'उमा' या देवीनामाशी जुळते. तेवढ्यावरून गावातील शैव परंपरेचा काळ ठरविता येत नाही. नाव हा शोधाचा आरंभ ठरू शकतो, पुरावा नव्हे. प्रत्येक मंदिराचे विधान मोजणे, अधिष्ठान व स्तंभांची छायाचित्रे घेणे, लेख असल्यास त्याचा ठसा तज्ज्ञांकडून करवून घेणे आणि नंतरची भर वेगळी नोंदविणे, ही कामे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या साहाय्याने तालुका पातळीवर होऊ शकतात.

निष्कर्ष

१) चुन्याविना दगडी बांधणीची पद्धती हेमाद्रीपूर्वी किमान दोन शतके प्रचलित होती, अंबरनाथ (इ.स. १०६०) हा त्याचा लेखी पुरावा आहे.
२) अंबाजोगाई येथील इ.स. १२२८ व १२४० या वर्षांचे पुरावे हेमाद्रीच्या मंत्रिपदापूर्वीचे असून त्या वास्तूंना 'हेमाडपंती' म्हणणे कालविसंगत आहे.
३) ही संज्ञा बांधणीचे तंत्र व शैली यांतील भेद पुसते, तसेच खोलेश्वरकन्या लक्ष्मीसारख्या प्रत्यक्ष कर्त्यांना विस्मृतीत ढकलते.
४) लोकनाम म्हणून 'हेमाडपंती' शब्द राहण्यास हरकत नाही, मात्र अभ्यासपर लेखनात त्याऐवजी राजवट, शतक, विधान आणि शिखरप्रकार यांचा निर्देश करणे आवश्यक आहे.
५) जीर्णोद्धारापूर्वी मंदिराच्या विविध थरांची नोंद होणे अनिवार्य मानले जावे.

लक्ष्मीने आपल्या भावाचे नाव दगडावर कोरून ठेवले, ते पुढच्यांनी वाचावे म्हणून. ते वाचून तिच्या नावासह पुढे सांगणे, एवढे तरी अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.