बलूचे हसू

अंबाजोगाईच्या रस्त्यावर एकदा मला शेजारी शेजारी लावलेले दोन फलक दिसले. एकावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुसऱ्यावर भावपूर्ण श्रद्धांजली. दोहोंचे अक्षर एकच : जाड, गुबगुबीत, टोके गोल केलेले. गेलेल्या माणसाचे नाव त्या अक्षरात चक्क हसत होते. हे चार शब्द त्या अस्वस्थतेतून लिहीत आहे.

या अक्षराचे नाव ‘बलू’. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ते घडविले. त्यातील देवनागरी सारंग कुलकर्णी यांची. इतर भारतीय लिप्यांतही हा टंक आहे आणि तेथली त्याची नावे मोठी लाघवी आहेत : गुरुमुखीत तो पाजी, गुजरातीत भाई, बंगालीत दा, तमिळात तंबी, मल्याळीत चेट्टन. सारी भावंडेच म्हणायची! त्यातून तो विनामूल्य. तेव्हा गावोगाव पोचला यात नवल नाही.

त्याचा गुण कोणता? देवनागरी वळली ती बोरूच्या तिरक्या टोकाने. जाड-बारीक रेषांचा खेळ हा तिचा स्वभाव. १८६९ साली निघालेल्या निर्णयसागर छापखान्याने तो शिशाच्या खिळ्यांतही जपला. बलूने तो बव्हंशी सोडला. रेषा पुष्ट झाली की अक्षराच्या पोटातली पोकळी बुजू लागते. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांतला भेद चिमूटभर जागेवर येऊन ठेपतो. ती चिमूट येथे राखली आहे, ही सामान्य कारागिरी नव्हे. याच संस्थेच्या ‘मोदक’ या टंकात पोकळीची नुसती चीर उरते. त्याच्या शेजारी बलू संयमी वाटतो.

परंतु हा दोन-तीन शब्दांचा गडी आहे. बालवाडीची पाटी, मिठाईचे दुकान, मुलांच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ येथे तो शोभतो. दहा ओळींची सूचना त्यात छापली की मजकुराचा गोळा होतो. ‘बलू २’मध्ये सडपातळ वळणेही आली, तरी फलकावाल्याचा हात जाडाकडेच जातो. आमच्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मागे राहणाऱ्या मुलांच्या वसतिगृहाची सूचना अक्षर अक्षर जुळवून वाचणाऱ्या बापाला त्या गोळ्यातून कशी उकलावी?

याच अंबाजोगाईत दासोपंतांनी पंचीकरणासारखा रुक्ष विषय लांबलचक पासोडीवर ओव्यांनी आणि आकृत्यांनी मांडला. वाचणाऱ्याला समजावे, ही त्यामागची तळमळ. अक्षर निवडताना आपल्याला तेवढी तळमळ असते काय?

बलू हसरा आहे, हा त्याचा दोष नव्हे. तो त्याचा स्वभाव. मयताला जाताना कोणते कपडे घालावेत हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग मृताच्या नावाला अक्षर देताना तेवढा पोच आपण का दाखवू नये? त्या घरची माणसेही तो फलक वाचत असतात.