हाय-स्ट्रेंथ काँक्रीटचा बीम ठिसूळ? आधी विचारा, स्टील किती!

‘काँक्रीटची ताकद वाढली की डक्टिलिटी घटते.’ यवतमाळ-पुसदकडे एम.टेक.चं डिझर्टेशन लिहिताना हे वाक्य प्रस्तावनेत टाकायचा मोह तुम्हालाही होईल. थांबा. सिलिंडरपुरतं ते खरं आहे, बीमपुरतं अर्धवट.

आपल्याकडच्या घरातला साधा बीम घ्या: रुंदी २३० मिमी, इफेक्टिव्ह डेप्थ ४१० मिमी, खाली १६ मिमीच्या तीन सळ्या, एफई ५००. एम २० मध्ये न्यूट्रल अ‍ॅक्सिस साधारण १५८ मिमीवर येतो. त्याच सळ्या ठेवून एम ८० वापरलं तर जेमतेम ४० मिमीवर. शेवटची वक्रता म्हणजे काँक्रीटचा चिरडण्याचा स्ट्रेन भागिले ही खोली. एम ८० साठी स्ट्रेन ०.००३५ ऐवजी ०.००२७ धरला तरी वक्रता तिप्पट होते! म्हणजे ठिसूळ मटेरियलचा बीम जास्त वाकला.

आता सळ्या चौपट करा (२३० मिमीत त्या बसतील का, हा वेगळाच प्रश्न). खोली परत १५८ मिमी, स्ट्रेन मात्र कमी. वक्रता घटली. दोन्ही निष्कर्ष बरोबर आहेत. स्थिर काय ठेवलं ते बदललं, एवढंच. आणि माझी तक्रार नेमकी इथेच आहे: कित्येक पेपर हे तक्त्यात कुठेतरी दडवतात आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये सरसकट विधान ठोकतात. ‘अल्टिमेट’ बिंदू कुठला, लोड ८५ टक्क्यांवर उतरला तो की काँक्रीट चिरडलं तो, हेही बघा. नाहीतर दोन पेपरांचे आकडे शेजारी ठेवून काय उपयोग?

आयएस ४५६ ची २००० ची आवृत्ती सगळ्या ग्रेडना ०.००३५ च देते, पण एम ५५ च्या वर तिचे डिझाइन पॅरामीटर लागू होतीलच असं नाही, हेही तीच सांगते. ती टीप वगळून एम ८० चा बीम डिझाइन करणाऱ्या पेपरवर मी तरी विसंबणार नाही. युरोकोड २ मध्ये हा स्ट्रेन सी ५० नंतर घटत सी ९० ला ०.००२६ होतो.

‘आपल्याकडे कुठे भूकंप होतो?’ असं गाइड म्हणाले, तर ३० सप्टेंबर १९९३ आठवा. किल्लारी तेव्हा सर्वात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होतं. आयएस १३९२० ची २०१६ ची आवृत्ती झोन २ मध्ये ऐच्छिक आहे, त्यामुळे तिथे रिंगा किती जवळ बांधायच्या हे बहुतेक वेळा डिझायनरच्या मर्जीवर राहतं.